'साहेबांनी सांगितलं म्हणून केलं' : इमेजिंगमधली नीती आणि कायद्यापुढची जबाबदारी

मेडिकल इमेजिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. पेपरात नीतिशास्त्राचे सिद्धांत येतात, कांट आणि मिल हे तत्त्वज्ञ पाठ करून लिहिता येतात, पण रात्रपाळीला एक्स-रे रूममध्ये त्यांचा उपयोग काय? आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून केलेल्या तपासणीत काही वाईट झालं तर जबाबदार कोण : टेक्निशियन, रेडिओलॉजिस्ट की हॉस्पिटल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी धास्ती त्याचीच असते. तिघांनाही जबाबदार धरलं जाऊ शकतं, आणि एकावर ठपका आला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. कायदा तुमचं पद बघतो, पण त्याआधी तीन गोष्टी विचारतो. त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं, काय माहीत असायला हवं होतं, आणि थांबवणं कोणाच्या हातात होतं. चिठ्ठी लिहिणारा कॅज्युअल्टीत असतो. रिपोर्ट देणारा रेडिओलॉजिस्ट रात्री बहुतेक घरी असतो, हल्ली तर दुसऱ्या शहरात. पेशंटला टेबलावर घेणारे आणि एक्स्पोजर देणारे, म्हणजे किरण सोडणारे, तुम्ही. शेवटचा प्रश्न विचारण्याची संधी तुमच्याकडेच असते. माझं पुढचं सगळं म्हणणं या एका जागेबद्दल आहे. सिद्धांतसुद्धा कन्सोलसमोर, म्हणजे मशिन चालवायच्या पॅनेलसमोर, उभं राहून वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो.

एक प्रसंग घेऊ. रात्रीचा दीड. चोवीस वर्षांची बाई, पोटात उजव्या बाजूला दुखतंय, ताप आहे. निवासी डॉक्टरने चिठ्ठीवर 'सीटी अ‍ॅब्डोमेन, कॉन्ट्रास्ट' (शिरेतून औषध देऊन पोटाचा सीटी) लिहिलंय आणि कारण म्हणून नुसतं 'पेन'. शेवटच्या पाळीची तारीख नाही. तुम्ही विचारता, 'पाळी कधी आली होती?' ती आधी सासूकडे बघते आणि मग म्हणते, 'लक्षात नाही.'

परिणामवाद, म्हणजे बेंथम-मिलचा उपयुक्ततावाद, इथे विचारतो की कशाने कमी नुकसान होईल. याचं उत्तर आकड्यांशिवाय देता येत नाही. पोटाच्या सीटीचा डोस, म्हणजे शरीराला मिळणारं प्रारण (रेडिएशन), साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट. आपल्याला निसर्गातून वर्षाला मिळणारं प्रारण जगाच्या सरासरीने सुमारे २.४. ती गरोदर असेल तर गर्भाला एका सीटीत ढोबळमानाने १० ते २५ मिलिग्रे (शोषलेल्या प्रारणाचं माप) मिळतील. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २००० सालीच सांगून ठेवलंय की गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाला, एवढ्या कारणावरून गर्भपात समर्थनीय ठरत नाही. म्हणजे फुटायला आलेल्या अपेंडिक्सचा संशय असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर 'गरोदर असेल बाबा' म्हणून सीटी टाळणं हाच जास्त घातक निर्णय. उलट सोनोग्राफीने भागत असेल तर हे १० मिलिसिव्हर्ट फुकटचे. आकडे माहीत नसलेला माणूस परिणामवादाच्या नावाखाली फक्त अंदाज करत असतो. 'थोडं रेडिएशन, काही होत नाही' हा त्यातलाच एक अंदाज आणि 'रेडिएशन म्हणजे कॅन्सर' हा दुसरा.

कर्तव्यवाद परिणामाचा हिशोब मागत नाही. कांटचं म्हणणं, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. रात्री दीड वाजता ती बाई कशाचं साधन होऊ शकते? रांग संपवण्याचं, निवासी डॉक्टरचा सकाळचा राउंड सोपा करण्याचं, मशिनचा हप्ता फेडण्याचं. सीटी नॉर्मल आला आणि ती गरोदर नव्हती असं निघालं, तरी तिला न विचारता, न सांगता शीर टोचली असेल तर कर्तव्य चुकलंच. परिणाम चांगला लागला म्हणून ते भरून येत नाही. कोर्ट मात्र इथे वेगळं वागतं. नुकसानभरपाईसाठी नुकसान दाखवावं लागतं. सगळ्यात नाठाळ चुका कोर्टात कधी पोचतच नाहीत, त्या याच कारणाने.

सद्गुणनीती, म्हणजे चांगला माणूस इथे कसा वागेल हे विचारणारी नीती, परीक्षेत दोन ओळींत उरकतात, पण या प्रसंगाची किल्ली तिच्याकडे आहे. ती सासूकडे बघते, हे तुमच्या लक्षात आलं का? कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये हा रकाना नाही. लक्षात आलं तर तुम्ही म्हणाल, 'आई, तुम्ही जरा बाहेर बसा, मशिनजवळ कोणाला थांबू देत नाहीत.' मग सिस्टरला बोलावून तिला पुन्हा विचारायला सांगाल आणि लघवीची गर्भतपासणी (यूपीटी) करून घ्याल. पाच-दहा मिनिटांचं काम. नंतर निवासी डॉक्टरला फोन : 'सर, यूपीटी पॉझिटिव्ह आहे, आधी सोनोग्राफी करायची का?' ती झाली की फॉर्म एफ, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याखालचा नोंदीचा फॉर्म, आलाच, कारण गरोदर बाईची सोनोग्राफी कुठल्याही कारणासाठी असो, त्या फॉर्मशिवाय करता येत नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

चार तत्त्वंही सगळ्यांना पाठ असतात : स्वायत्तता, हित करणं, अहित टाळणं, न्याय. यातल्या न्यायाचं उदाहरण देताना मुलं एकतर एमआरआयची वेटिंग लिस्ट देतात किंवा गरीब-श्रीमंत यावर निबंध लिहितात. मी मावशींचं देईन. लहान मुलाचा छातीचा एक्स-रे आहे, मूल हलतंय, आई घाबरून दाराबाहेर. आपण काय करतो? हाक मारतो, 'मावशी, जरा धरा हो.' मावशी धरतात. आज धरतात, उद्या धरतात, वर्षानुवर्षं धरतात. तुमच्या छातीवर टीएलडी बॅज (मिळालेला डोस मोजणारा बिल्ला) आहे, तिमाहीला त्याचा रिपोर्ट येतो, आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, अशी तुमची मर्यादा ठरलेली आहे. मावशींकडे बॅज नाही. कागदोपत्री त्या प्रारण कर्मचारीच नाहीत, त्यामुळे त्यांना लागू होते सर्वसामान्य माणसाची मर्यादा, वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. आणि ती ओलांडली की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण कोणी मोजतच नाही. मूल स्थिर ठेवायला बोर्ड, पट्टे वापरा. माणूसच लागला तर नातेवाईकाला बोलवा, अ‍ॅप्रन घाला, आणि बाई असेल तर गरोदर नाही ना हे आधी विचारा. एका नातेवाईकाला आयुष्यात एखाद्या वेळी मिळणारा डोस नगण्य असतो. एकाच माणसाला रोज धरायला लावणं हा अन्याय आहे, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची तपासणी आली तर उत्तर देणंही अवघड जाईल.

प्रारण सुरक्षेची तीन सूत्रं म्हणजे समर्थन, इष्टतमीकरण आणि डोसमर्यादा. यातली तिसरी पेशंटला लागू नाही. तुम्हाला आहे, मावशींना आहे, रस्त्यावरून जाणाऱ्याला आहे, पण पेशंटला डोसची कायदेशीर कमाल मर्यादा नाही, कारण गरज असेल तर त्याला कितीही लागू शकतो. म्हणून पेशंटचं सगळं संरक्षण पहिल्या दोन सूत्रांवर टांगलेलं आहे : तपासणी गरजेची आहे का, आणि असेल तर कमीत कमी डोसमध्ये काम होईल का. दुसरं बहुतांशी तुमच्या हातात आहे : कॉलिमेशन (किरणांचा झोत आवळणं), केव्ही-एमएएस (किरणांची ताकद आणि प्रमाण), लहान मुलांचा वेगळा प्रोटोकॉल, आणि कमी रिपीट (पुन्हा काढावे लागणारे एक्स-रे). पहिलं डॉक्टरांचं काम आहे, मान्य. पण चिठ्ठीवर डाव्या गुडघ्याचा एक्स-रे लिहिलाय आणि माणूस उजव्या पायाने लंगडतोय, हे दिसतं तुम्हालाच. त्या वेळी फोन न करता डाव्याचा एक्स-रे काढून पाठवणं म्हणजे चिठ्ठी पाळणं झालं, समर्थन नव्हे. इष्टतमीकरणातही सवयीने चालणाऱ्या गोष्टी असतात. पेशंटच्या जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवायचा, हे आम्हाला धर्मासारखं शिकवलं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने नेहमीसाठी हे बंद करा म्हणून भूमिका घेतली, कारण फायदा नगण्य आणि शील्ड चुकीच्या जागी बसलं तर रिपीट घ्यावा लागतो, ऑटो एक्स्पोजर असेल (मशिन स्वतः डोस ठरवत असेल) तर डोस उलट वाढतो. शील्ड काढून टाकणं बऱ्याच जुन्या लोकांना अजूनही पाप वाटतं.

आता फॉर्म एफ. यावर जरा जास्त बोलतो, कारण नीती आणि कायदा एकमेकांना सर्वात जोरात भिडतात ते इथेच, आणि हा विषय महाराष्ट्राचा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. याचिकाकर्त्यांत मुंबईची 'सेहत' आणि पुणे जिल्ह्यात काम करणारी 'मासूम' या संस्था होत्या. २००३ मध्ये कायदा कडक झाला. तरी जनगणना काय सांगते बघा. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ ला ८०७.

या गुन्ह्याची अडचण अशी की तो मागे काहीच ठेवत नाही. रिपोर्टवर कोणी 'मुलगी' लिहीत नाही. डॉक्टर पेढ्यांचं नाव काढतो, किंवा भुवया उडवतो, किंवा काहीच बोलत नाही आणि त्या न बोलण्याचाही अर्थ ठरलेला असतो. कायद्याने 'शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे' सांगायला बंदी घातली आहे, पण खूण कोर्टात हजर कशी करणार? म्हणून कायद्याने सगळं वजन कागदावर टाकलं. फॉर्म एफमध्ये कमतरता किंवा चूक आढळली तर तो कायद्याचा भंग धरला जाईल, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्याची. गुन्हेगारी कायद्यात नेहमी सिद्ध करतं सरकार, इथे ओझं उलटवलेलं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याला आव्हान दिलं. म्हणणं असं की पत्ता अर्धवट राहिला, सही राहिली, तर त्या कारकुनी चुकीसाठी गुन्हेगार ठरवता कसं? मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. हा फॉर्म म्हणजे नुसती कारकुनी नाही, त्यातली माहिती नसेल तर कायद्याची अंमलबजावणीच अशक्य होते, असा त्या निकालाचा रोख आहे. त्याआधी २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्टांनी याच प्रश्नावर संपही केला होता.

मला विचाराल तर रेडिओलॉजिस्टांची तक्रार खोटी नाही. प्रामाणिक सेंटर पत्त्यातल्या त्रुटीवरून सील होतं आणि लिंग सांगणारा हुशार माणूस फॉर्म अगदी सुबक भरतो, हे घडतं. तरी निकाल मला बरोबर वाटतो. गुन्ह्याचा दुसरा मागमूस नसताना कागदही सैल सोडला तर हातात काहीच उरत नाही.

नीतीच्या बाजूने इथली गाठ वेगळीच आहे. एरवी आपण शिकवतो की पेशंटची माहिती पेशंटची, विचारलं तर खरं सांगा. इथे बाई विचारते, 'डॉक्टर, काय आहे?' आणि कायदा म्हणतो, सांगायचं नाही. स्वायत्ततेचा एवढा उघड संकोच इमेजिंगमध्ये दुसरीकडे सापडणार नाही. याचं समर्थन फक्त त्या एका बाईकडे बघून करता येत नाही. ते समाजाच्या परिणामांकडे बघून करावं लागतं. आणि हेही बघावं लागतं की प्रश्न बाईच्या तोंडून आला तरी तो तिचाच असतो असं नाही. कायद्यालाही ते माहीत आहे. गर्भलिंगनिदान झालं तर पती किंवा नातेवाइकांनी तिच्यावर सक्ती केली असं गृहीत धरलं जातं, आणि सक्ती झालेल्या बाईला शिक्षा नाही.

'सायलेंट ऑब्झर्व्हर'चा वाद याच गाठीतून आला. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशिनला जोडायचं एक यंत्र आणलं. प्रत्येक स्कॅनचं चित्रण त्यात साठतं. रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, बाईच्या खाजगीपणाचा भंग होतो म्हणून. २०११ मध्ये याचिका फेटाळली गेली. उत्तरपत्रिकेत कर्तव्यवाद विरुद्ध परिणामवाद लिहायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. एका बाजूला प्रत्येक बाईचा तिच्या शरीराच्या चित्रावरचा हक्क, दुसऱ्या बाजूला न जन्मलेल्या मुलींची संख्या. परदेशी पुस्तकातली रुळावरची ट्रॉली, एकाला मारून पाच वाचवायचे का हा प्रश्न, कशाला हवी?

यात टेक्निशियन कुठे येतो? इथेच पुष्कळ जण गाफील असतात. आपल्याकडे गरोदर बाईची सोनोग्राफी पात्र आणि नोंद असलेल्या डॉक्टरनेच करायची असते, म्हणून बाकी स्टाफला वाटतं की हा कायदा डॉक्टरांचा. शिक्षेचं कलम वाचा. त्यात डॉक्टर आणि मालक यांच्याबरोबर सेंटरमध्ये नोकरीला असलेली, व्यावसायिक किंवा 'तांत्रिक' सेवा देणारी व्यक्तीही आहे, मग ती सेवा पगारी असो की मानद. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि आपसांत मिटवता न येणारा. रिसेप्शनवरची मुलगी सोयीसाठी दहा फॉर्मांवर आधीच अंगठे घेऊन ठेवते आणि तुम्ही ते बघता, तर तेही तुमच्या अंगाशी येऊ शकतं. फॉर्म पेशंटसमोर भरायचा, तिची सही किंवा अंगठा तिला वाचून दाखवून घ्यायचा, मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा, रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायचं, आणि केस चालू असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत.

बाकीच्या जबाबदाऱ्या तीन दरवाजांनी येतात.

ग्राहक न्यायालय हा सर्वात वापरातला दरवाजा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली आणि तेव्हापासून पैसे घेऊन केलेला एक्स-रेसुद्धा 'सेवा' आहे. सगळ्यांना सगळं मोफत देणारं रुग्णालय त्यातून बाहेर राहतं. आता २०१९ चा कायदा चालतो, तक्रारीची मुदत दोन वर्षं. इथे वादी बहुधा हॉस्पिटलला किंवा सेंटरला ओढतो. २००४ च्या एका निकालानुसार डॉक्टरांना वेगळं प्रतिवादी केलं नाही म्हणून हॉस्पिटल सुटत नाही. आपल्या लोकांनी निष्काळजीपणा केला नाही हे हॉस्पिटलनेच दाखवायचं. म्हणजे तुमच्या चुकीचे पैसे आधी मालक भरतो. मग तो तुमच्याकडे कसं बघेल, ते तुमच्या नोंदवहीवर अवलंबून.

निष्काळजीपणा मोजायची फूटपट्टी जुनी आहे : त्याच कामातला सामान्य कुशल माणूस त्या परिस्थितीत जसं वागला असता तसं तुम्ही वागलात का? तुम्ही देशातले सर्वोत्तम असावंत अशी अपेक्षा नाही. आपल्याकडे या विषयातल्या सर्वात जुन्या महत्त्वाच्या निकालांपैकी एक पुण्यातून गेलेला आहे. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले, १९६८. कोकणात समुद्रकिनारी मुलाच्या मांडीचं हाड मोडलं, पुण्यात आणल्यावर पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि मुलगा दगावला. त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली : केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी, आणि ते देताना काळजी. इमेजिंगला ही तिन्ही जशीच्या तशी लागतात. आपल्याकडे अडखळतं ते बहुतेक पहिल्यात. अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) सांभाळायला कोणी हजर नसताना कॉन्ट्रास्टची केस घेतली, हा निष्काळजीपणा सुई टोचण्याच्या आधीच झालेला असतो. आजच्या नॉन-आयॉनिक कॉन्ट्रास्टला गंभीर रिअ‍ॅक्शन दहा हजारांत साधारण चार जणांना येते. आकडा लहान आहे. पण ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनलीन नसेल आणि डॉक्टर फोनवर असेल तर त्या चारांपैकी एकापुढे तुमच्याकडे उत्तर नसतं.

संमतीबद्दल २००८ चा समीरा कोहली निकाल वाचाच. निदानासाठी दुर्बिणीची तपासणी करायला संमती दिलेल्या बाईची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. न्यायालयाने म्हटलं, निदानाची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि संमती खरी असायला हवी, पुरेशी माहिती देऊन घेतलेली. सीटी गाइडेड बायोप्सीला गेलेल्या पेशंटला 'आत गळू दिसतंय, लगेच नळीही टाकून घेऊ' असं टेबलावर म्हणणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. आणि बिलिंग काउंटरवर पावतीबरोबर पुढे सरकवलेल्या कागदावरची सही ही मला तरी संमती वाटत नाही. अ‍ॅलर्जी आहे का, दमा आहे का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किती, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू आहे का, हे टेबलाजवळ त्याच्या भाषेत विचारून त्याच्या समोर लिहा.

फौजदारी दरवाजा क्वचित उघडतो, पण उघडला की घर हादरतं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांना दिलासा दिला : साधी चूक पुरेशी नाही, निष्काळजीपणा घोर हवा. पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, सरसकट अटक करू नये. आता ज्यावर फारसं कोणी बोलत नाही ते सांगतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला सगळ्यांना सारखीच, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत गेली, आणि वैद्यकीय प्रक्रिया करताना झालेल्या मृत्यूसाठी दोन वर्षांची सवलत ठेवली ती फक्त वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांना. तुमचं नाव त्या नोंदवहीत नाही. एकाच खोलीत, एकाच मृत्यूला, डॉक्टरला कमाल दोन वर्षं आणि तुम्हाला कमाल पाच. हा भेद मला न्याय्य वाटत नाही, पण कायदा सध्या असा आहे.

खालच्या माणसाला कोणी धरत नाही, असं समजू नका. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला बत्तीस वर्षांचा नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआय रूममध्ये गेला. चुंबकाने सिलिंडर ओढून घेतलं आणि त्यात त्याचा जीव गेला. मशिन 'बंद' आहे अशी समजूत होती. एमआरआयचा चुंबक स्कॅन चालू नसतानाही, रात्री दिवे मालवले तरी, चालूच असतो. पोलिसांनी ३०४-अ खाली अटक केली त्यांत डॉक्टर होते, वॉर्डबॉय होता आणि आयाही होती. त्या दाराशी कोण उभं राहणार, फेरस (लोखंडी) सिलिंडर कुठल्या रेषेपलीकडे येणार नाही, नातेवाइकाच्या खिशातली नाणी-किल्ल्या कोण तपासणार, हे रात्रपाळीतही ठरलेलं असायला हवं. आणि मावशींना व वॉर्डबॉयला ते शिकवलं त्याची सहीसकट नोंद हवी.

तिसरा दरवाजा नियामकांचा : अणुऊर्जा नियामक मंडळ, २००४ चे प्रारण संरक्षण नियम, सीटीला परवाना, एक्स-रेला नोंदणी. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणं किंवा दुसऱ्याचा लावणं हा तुमचा स्वतःचा नियमभंग आहे, मालकाचा नाही.

कट प्रॅक्टिसबद्दल थोडक्यात. २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने रेफरलचं कमिशन घेणं-देणं निषिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये त्याविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदाही झाला होता. पाकिटाचे व्यवहार तुमच्या हातून होत नाहीत, पण एकाच पेशंटचा एकाच महिन्यात तिसरा सीटी एकाच डॉक्टरकडून आला की तुम्हाला कळतंच. निदान आधीच्या फिल्म मागवून रेडिओलॉजिस्टला दाखवणं एवढं तरी तुमच्या अखत्यारीत आहे.

फोटोंचं तर विचारूच नका. विचित्र एक्स-रे दिसला की मॉनिटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, कोपऱ्यात नाव आणि वय तसंच. पोटात गिळलेलं नाणं असेल तर सगळे हसतात. तोच एक्स-रे गावातल्या कोणाच्या ओळखीचा निघाला की घर बसतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर हा नुसता असभ्यपणाचा प्रश्न राहिलेला नाही. रिपोर्टिंगसाठी पाठवायचं असेल तर संस्थेने दिलेल्या मार्गानेच पाठवा.

वयनिश्चितीचे एक्स-रे हाही एक चमत्कारिक प्रकार. पोलीस मुलाला घेऊन येतात, मनगट, कोपर, कमरेचं हाड. मुलाला वैद्यकीय फायदा शून्य. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा दाखला, मग नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. पत्रावर कोणाचा आदेश आहे ते बघा आणि नसेल तर मेडिकल ऑफिसरला दाखवल्याशिवाय घेऊ नका. घेतलात तर त्यात शिशाचा आर किंवा एल मार्कर एक्स्पोजरच्या वेळीच ठेवा. नंतर कॉम्प्युटरवर टाकलेलं अक्षर उलटतपासणीत वकील पहिल्यांदा उचलतो.

आता नकार कसा द्यायचा, कारण शेवटी सगळं तिथे येऊन अडतं. निवासी डॉक्टर म्हणतो, 'तुझं काम काढायचं, डोकं लावायचं नाही.' भांडू नका. 'सर, पाळीची तारीख नाही आणि यूपीटी बाकी आहे, तेवढं झालं की लगेच घेतो' असं सांगा. ऐकलं नाही तर रेडिओलॉजिस्टला फोन करा. वेळ, नाव आणि ते काय म्हणाले हे रजिस्टरमध्ये पेनाने लिहा. इमर्जन्सी खरी असेल, पेशंट बेशुद्ध असेल, तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या आणि काम करा. अडवून धरणं हे तिथे नीतीचं लक्षण नाही. अपघातग्रस्ताला आधी उपचार, सोपस्कार नंतर, हे १९८९ पासून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. नोंद घटना घडल्या वेळीच करा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या शाईत घुसडलेली ओळ ही नोंद नसल्यापेक्षा वाईट.

नोकरी धरताना दोन गोष्टी विचारून घ्या. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात इमेजिंग तंत्रज्ञांचा स्वतंत्र गट आहे, त्याखालच्या नोंदणीची संस्थेत काय व्यवस्था आहे ते. आणि हॉस्पिटलच्या इन्डेम्निटी पॉलिसीत (चुकीची भरपाई देणाऱ्या विम्यात) टेक्निशियन हे पद लिहिलेलं आहे का ते. अनेक पॉलिसींत फक्त डॉक्टरांची नावं असतात. तसं असेल तर स्वतःच्या नावाने वेगळी घ्या.